भरणीची बाटली

त्या तळघरात चाळीस वर्षांत एकाही बाटलीला धक्का लागला नाही. माणसांना मात्र रोज लागायचा.

कारण तळघर तोफेच्या ताब्यात होतं. तोफ म्हणजे बाई, बरं का. ठेंगणी, रुंद खांद्यांची, चौसष्ट वर्षांची बाई. कमरेला तळघराची किल्ली आणि तोंडाचा पट्टा सकाळी सुटला की संध्याकाळपर्यंत चालू. तिचं खरं नाव कामाच्या यादीत कुठेतरी असेल, पण मळ्यात वेली छाटणाऱ्या बायांपासून मालकापर्यंत सगळे तिला तोफच म्हणायचे. मालक फक्त तिच्या माघारी म्हणायचा, कारण त्यालाही जिवाची काळजी होती.

बाटली उचलावी तर तिनंच. दोन्ही हातांनी, आडवीच्या आडवी, श्वास रोखून, की आतल्या गाळाला आपण हललो हे कळूसुद्धा नये. आणि बाटली जागेवर ठेवून तीच बाई मागे वळायची आणि ज्यानं दार उघडं टाकलं असेल त्याच्या कानाखाली अशी काढायची की आवाज पार एकतीस पायऱ्या चढून वर जायचा. अहो, तीन दांडगे गडी एका वर्षात काम सोडून पळाले. चौथा टिकला, तो बूचवाला काका. त्याला एका कानानं कमी ऐकू यायचं, आणि तो म्हणायचा, "मी आलो तेव्हा दोन्ही चांगले होते." लोक हसायचे. तोफही हसायची. खरं होतं की खोटं, कुणी विचारलं नाही.

ही गोष्ट तोफेची नाही, तिच्या लेकीची आहे. पण तोफेला ओलांडून लेकीपर्यंत जाता येत नाही, तिथेच तर सगळं घोडं अडलेलं.

लेकीला सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणी बाटल्यांच्या मांडण्यांमधून ती गोल गोल फिरत पळायची, म्हणून ते नाव पडलं. आता ती एकतीस वर्षांची होती, चालताना भिंतीच्या कडेकडेनं चालायची, पण नाव राहिलं ते राहिलंच. नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि महिन्यातून चार दिवस घरी असायचा. माणूस चांगला होता, आणि चार दिवसांत काय वाईट होणार म्हणा. त्यांना एक मुलगी होती, सात वर्षांची. तिला घरात चिऊ म्हणायचे. भिंगरीची दुपारपाळी असली की ती शाळा सुटल्यावर आजीच्या घरी थांबायची.

आता जरा त्या वाइनचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

त्या मळ्याचं नाव होतं ते मर्लोमुळे. मर्लो म्हणजे काळंभोर, पातळ सालीचं द्राक्ष. टेकडीच्या उतारावर जुन्या वेली होत्या, मनगटाएवढ्या जाड, आणि त्यांचीच वाइन वेगळी काढून तळघरात जायची. तिथे ती आधी पिंपात राहायची, मग बाटलीत, आणि मग आडवी. दहा वर्षं तिच्याकडे कुणी बघायचंही नाही. लांबलांबून लोक ती घ्यायला यायचे, आणि मालक त्यांना हात चोळत सांगायचा, "घरी नेलीत तरी लगेच उघडू नका हं. अंधारात आडवी ठेवा आणि विसरून जा. आणखी वीस वर्षांनी उघडाल तेव्हा माझी आठवण काढाल." लोकांना हे भारी आवडायचं. विसरून जायला माणसं इतकी धडपडतात, हे मी तिथेच पाहिलं.

तोफ तेच आपल्या भाषेत सांगायची. "तरणी मर्लो चावते. जीभ खरवडून काढते मेली. तिला पडू द्यायची. जे कडू, जे रागीट असतं ते हळूहळू गाळ होऊन खाली बसतं आणि वर राहतं ते रेशीम. फक्त हलवायची नाही."

नवी माणसं हे ऐकून मान डोलवायची आणि मनात म्हणायची, मग या बाईचा गाळ कधी बसणार? तो कधीच बसणार नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, इथे तर सुंभही जळायला तयार नव्हता.

तोफ अशी जन्मली नव्हती म्हणा. तिचा नवरा त्याच तळघरात पिंपं बांधायचा. कारागीर फक्कड आणि माणूस हलकट. रोज संध्याकाळी हाताला लागेल त्यानं बायकोला मारायचा, पट्ट्यानं, फळीनं, एकदा तर गरम लोखंडी कडीनं. भिंगरी तेव्हा सात वर्षांची. पिंपांच्या ओळीमागे बसून ती ते बघायची, कारण कान झाकले तरी डोळे उघडे राहायचे.

एका सुगीत, मर्लोची तोडणी चालू असताना, त्यानं बायकोचे केस धरून तिचं तोंड पिंपाच्या झाकणावर आपटलं. दोनदा. तिसऱ्यांदा आपटायला त्यानं दुसरा हात झाकणावर टेकला, आणि तेवढ्यात तिच्या हाताला मोगरी लागली. मोगरी म्हणजे पिंपाच्या कड्या ठोकून बसवायचा लाकडी हातोडा, चांगला दोन किलोचा. तिनं तो टेकलेला हात झाकणावरच ठेचला. एकदाच, पण असा की त्या हातानं पुन्हा कडी बसवली नाही.

डॉक्टरनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पिंप निसटलं." बायकोनं मारलं असं कोणत्या तोंडानं सांगणार? आठ दिवसांनी तो गाव सोडून गेला. गेला तो गेलाच.

आणि मग काय झालं सांगू? ज्या हातानं मोगरी उचलली त्या हाताला सवय लागली. मारणारा गेला, पण मार तळघरातच राहिला. त्याच सुगीत तोफेनं लेकीला खाली आणलं, पाच वाट्या समोर ठेवल्या, डोळ्यांवर फडकं बांधलं आणि म्हणाली, "हुंग." दालचिनी, ओलं चामडं, काळी मनुका, तंबाखू, भिजलेला पुठ्ठा. बरोबर सांगितलं तर काही नाही. चुकलं की टोला. डोळे बांधलेले, त्यामुळे तो कुठून येणार ते कळायचं नाही.

पण नाक असलं निघालं त्या पोरीचं, की विचारू नका! दहाव्या वर्षी ती बंद खोलीच्या दाराबाहेरून सांगायची की आत कोणत्या सालची बाटली उघडली आहे. विसाव्या वर्षी मालक तिला विचारल्याशिवाय पिंप फोडत नसे. तोफ कौतुकाचा शब्द बोलली नाही, पण एकदा बूचवाल्याला म्हणाली, "किल्ली हिलाच जाणार." काकानं ते लगेच भिंगरीला सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी ती घरी जाऊन आनंदानं रडली. ज्या हाताचा मार खाल्ला त्याच हाताची किल्ली हवीशी वाटावी, हे माणसाचं मोठं विचित्र आहे.

आणि मग दोन वर्षांपूर्वी ते घडलं.

तळघरात प्रत्येक बाटलीच्या वरच्या अंगाला चुन्याचं एक बोट ओढलेलं असतं. बाटली कधी काढली तर परत ठेवताना चुना वर यायला हवा, म्हणजे गाळ बसल्या जागी राहतो. भिंगरीनं एक बाटली उलटी ठेवली. चुना खाली. चिऊला रात्रभर ताप होता, झोप झालेली नव्हती, एवढंच कारण. तोफ मागून आली. तिनं खांद्याला धरून लेकीला गर्रकन फिरवलं आणि तोंडात दिली ती पूर्ण हाताची. भिंगरीचं डोकं मागच्या दगडी खांबावर आदळलं. ती खाली बसली. बूचवाला पाणी घेऊन धावला, तर तोफ म्हणाली, "आधी बाटली सरळ कर."

तीन दिवस डोकं ठणकत राहिलं. चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघरात मान खाली घालून काही शिवत होती आणि शेजारीण दार ठोकून ओरडायला लागली, "अगं, दूध जळलंय! अख्खा जिना भरलाय वासानं, तू काय करतेस?" भिंगरीनं मान वर केली. पातेलं काळं पडलं होतं. खोलीत धूर होता. आणि तिला कसलाही वास येत नव्हता.

तिनं साबण हुंगला, रॉकेल हुंगलं. मग ती पलंगाशी गेली आणि झोपलेल्या चिऊच्या केसांत नाक खुपसलं. लेकराच्या टाळूचा तो वास, जो तिला जगातल्या कुठल्याही मर्लोपेक्षा प्यारा होता, तो नव्हता. जणू पोरच कुणी उचलून नेली होती आणि तिच्या जागी नुसतं ऊबदार काहीतरी ठेवलं होतं. तेव्हा तिला रडू फुटलं, आणि ते दूध जळाल्याचं रडू आहे असं समजून शेजारणीनं तिची समजूत काढली.

लांबच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, नाकामागच्या नसा तुटल्या आहेत. डोक्याला मागून मार बसला की होतं असं. परत येईलही, पण आशा धरू नका.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं आईला, मालकाला, एखादं दुसरं काम बघायचं. अहो, सांगितलं असतं तिनं! किल्ली गेली असती तरी तिनं सोसलं असतं. पण तोफेचं एक बोलणं तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. चिऊ जन्मली तेव्हा तोफेनं बाळाचं नाक चिमटीत धरून बघितलं होतं आणि म्हणाली होती, "आपल्या घरात नाक चालत आलंय. माझं तुझ्यात उतरलं, नसतं उतरलं तर हिच्यात काढलं असतं." म्हणजे भिंगरीचं नाक गेल्याचं कळलं की दुसऱ्या दिवशी पाच वाट्या आणि ते फडकं चिऊसमोर येणार, आणि त्या फडक्यामागे तोफेचा हात. तो हात चिऊवर पडू द्यायचा नाही, बस्स. दोन वर्षं ती त्या एका गोष्टीसाठी जगली.

कशी जगली ते ऐकण्यासारखं आहे. रंगावरून तिला वय कळायचं. बूच काढलं की ते दाबून, मोडून बघायची. जिभेला आंबट-कडू अजून कळत होतं, त्यामुळे व्हिनेगर झालेली बाटली ती घोटभर घेऊन ओळखायची. एकच गोष्ट तिला कशानंच कळत नव्हती. बुचाला बुरशी लागून जी वाइन बिघडते, तिचा रंग बिघडत नाही की चव आंबत नाही, नुसता भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो. तिथे ती बूचवाल्या काकाचा चेहरा वाचायची. "काका, हे धरा जरा," म्हणून पेला त्याच्या हातात द्यायचा आणि बघत राहायचं. कुबट असली की काकाची डावी भुवई वर जायची. बिचाऱ्याला माहीतही नव्हतं की दोन वर्षं अख्ख्या तळघराचं नाक म्हणजे त्याची ती डावी भुवई आहे.

झाकली मूठ अशी झाकलेलीच राहिली असती. पण चोवीस वर्षांपूर्वीची मर्लो पुन्हा बूच लावायला आली.

हे काम वीस-पंचवीस वर्षांतून एकदा होतं. बूच म्हातारं होतं, वाइन थोडी उडते, बाटलीच्या मानेत जागा रिकामी राहते. मग एकेक बाटली उघडायची, हुंगायची, चांगली असली तर वर चमचा-दोन चमचे त्याच सालची वाइन भरायची आणि नवीन बूच ठोकायचं, की पुन्हा पंचवीस वर्षं निश्चिंत. वरून भरायला त्याच सालच्या आठ-दहा बाटल्या फोडाव्या लागतात. ती भरणीची बाटली. एका भरणीच्या बाटलीतून पंचवीस-तीस बाटल्या भरतात, म्हणून ती आधी हुंगल्याशिवाय तिच्यातला थेंब कुठे पडता कामा नये. भरणीची बाटली बिघडलेली असली आणि कळलं नाही, तर एकीबरोबर सगळ्या गेल्या.

दोनशे चाळीस बाटल्या होत्या. त्याच सुगीच्या, ज्या सुगीत बापाचा हात ठेचला आणि वाट्या समोर आल्या.

मालकानं त्या दिवशी मोठा घाट घातला होता. चार मोठी गिऱ्हाइकं बोलावली, फोटोवाला बोलावला. संध्याकाळी तळघराची किल्ली तोफेच्या हातून भिंगरीच्या हातात, त्याचाही फोटो निघणार होता. तोफेचे हात आताशा भरताना थरथरायचे, म्हणून ती पहिल्या टेबलाशी उघडलेली एकेक बाटली हुंगणार आणि भिंगरी दुसऱ्या टेबलाशी भरणार, असं ठरलं. भरणीच्या बाटल्याही भिंगरीनंच तपासायच्या होत्या. तिनं बूचवाल्याला आपल्या शेजारीच उभं करून घेतलं. तेवढं असलं की झालं.

सकाळी दहाला मालक पायऱ्या उतरला तो हातात पांढऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन. "सगळ्यांनी तोंडाला बांधा. फोटोत स्वच्छ दिसलं पाहिजे. फक्त आपली दोन नाकं उघडी राहू द्या," असं म्हणून त्यानं तोफ आणि भिंगरीकडे हात केला, आणि गिऱ्हाइकं हसली.

बूचवाल्यानं पट्टी बांधली. नाक-तोंड झाकलं, म्हणजे निम्मा वास तिथेच गेला. त्यात ती पट्टी त्याच्या लांबोळक्या तोंडाला मोठी होती, वर सरकून डोळ्यांना टेकली. वर त्यानं डोक्याला टोपी ओढली, कारण ती सगळ्यांना सक्तीची होती. भुवई गायब!

पहिली भरणीची बाटली तिनं नाकाशी धरली, डोळे मिटले, मान हलवली. नाटक ती पक्कं शिकली होती. बाटली चांगली निघाली. दुसरीही चांगली. प्रत्येक वेळी तिच्या पाठीवरून घामाची धार गेली. मालक गिऱ्हाइकांना सांगत होता, "चोवीस वर्षं, आणि अजून चोवीस सहज. बघा रंग. काठाला नुसती विटेची झाक आलीय. काळी मनुका, चामडं, थोडा तंबाखू. हो की नाही गं?"

"हो," भिंगरी म्हणाली. तिच्यापुरतं ते लाल पाणी होतं.

तिसरी भरणीची बाटली उघडली. बूच अख्खं निघालं. रंग छान होता. घोट घेतला, आंबट नव्हती. तिनं पेला बूचवाल्याकडे केला. "काका, धरा जरा." काकानं धरला. टोपी आणि पट्टीमधून दोन डोळे तिच्याकडे बघत राहिले, बैलाच्या डोळ्यांसारखे शांत. पट्टीतून त्याला काय कळणार होतं? ते फडकं औषधाच्या उग्र वासानं भरलेलं होतं, असं त्यानंच नंतर सांगितलं.

अजूनही वेळ होता. पहिल्या टेबलाशी आई उभी होती, दहा पावलांवर. "आई, तू बघ" एवढंच म्हणायचं होतं. पण तोफ लगेच विचारणार, का? तुला काय झालं? आणि तिच्यापासून असलं काही लपवणं म्हणजे... भिंगरीला चिऊ दिसली, डोळ्यांवर फडकं बांधलेली. तिनं डोळे मिटले, उघडले आणि भरायला सुरुवात केली.

एकामागून एक अठरा बाटल्या भरल्या.

एकोणिसावी हातात असताना तोफ पहिल्या टेबलावरून मान खाली घालून आली, कारण तिला नव्या बुचांची पेटी हवी होती. भरलेल्या बाटल्यांच्या ओळीशी ती थबकली. नाक वर केलं. एक बाटली उचलून हुंगली, मग दुसरी, मग पाचवी. मग भरणीची बाटली भिंगरीच्या हातातून ओढून घेतली. तिचं तोंड पांढरं पडलं, आणि दुसऱ्याच क्षणी काळंनिळं झालं.

"पुठ्ठा," ती म्हणाली. "पुठ्ठा! पुठ्ठा भरलास तू यांच्यात, भवाने!"

आणि चार गिऱ्हाइकांच्या, फोटोवाल्याच्या, मालकाच्या देखत तिनं लेकीच्या तोंडात दिली. उलट्या हातानं पुन्हा. भिंगरीचा ओठ फुटला आणि रक्त हनुवटीवरून पांढऱ्या एप्रनवर आलं. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा भिंगरी मागे सरली नाही.

"मार," ती म्हणाली. "थांबू नकोस. मला वास येत नाही. दोन वर्षं झाली, काहीच येत नाही. त्या खांबावर तूच आपटलंस ना डोकं? तिथेच गेलं ते. तूच दिलंस आणि तूच घेतलंस. मार आता!"

मग मालकानं गिऱ्हाइकांच्या पाठीवर हात ठेवून "आपण वर बसू या, वर बसू या" असं पुटपुटत त्यांना पायऱ्यांकडे वळवलं. बूचवाल्यानं पट्टी ओढून काढली, एक बाटली हुंगली आणि त्याची डावी भुवई वर गेली. मग तो वर निघून गेला.

खाली दोघीच राहिल्या.

तोफ जवळच्या पिंपाशी गेली आणि झाकणावर उजवा हात टेकून उभी राहिली. धापा टाकत होती. बराच वेळ ती त्या दगडी खांबाकडे बघत होती.

"दोन वर्षं?" तिनं विचारलं.

"हो."

"अजिबात नाही?"

"चिऊचाही वास येत नाही, आई."

भिंगरीला वाटलं, आता ही काहीतरी म्हणेल. माफी नको होती तिला, असल्या गोष्टीची तिनं आशाच सोडलेली. पण एखादा शब्द, 'अगं' म्हणाली असती तरी चाललं असतं. त्या एका क्षणासाठी तिनं सगळं माफ केलं असतं, चोवीस वर्षांचं, देवाशपथ केलं असतं.

तोफ म्हणाली, "चिऊ सातची झाली ना? उद्यापासून तिला खाली आण."

"नाही."

"नाही काय? तुझं गेलं, माझे हात गेले. मग तळघर कोण बघणार, तो बहिरा? पोरीचं नाक तुझ्याहून तेज आहे. बघितलंय मी."

"कधी बघितलंस?"

"तू दुपारपाळीला असतेस तेव्हा. महिना झाला, सात भरली तेव्हापासून. पहिल्यांदा चुकत होती. दोन-चार दिल्या, मग लागली बरोबर सांगायला. अगदी तुझ्यासारखी आहे, रडत नाही."

भिंगरीला आठवलं, गेल्या आठवड्यात चिऊचा कान लाल होता. शाळेत पडले, ती म्हणाली होती. आणि आपण ते खरं मानलं होतं. आपणही असंच सांगायचो की, शाळेतल्या बाईंना. दोन वर्षं घाम गाळून, नाटकं करून जे दार ती पाठ लावून धरून बसली होती, ते मागून कधीच उघडलं होतं. अंगाची नुसती लाही लाही झाली तिच्या. ती काही ओरडली नाही. पिंपांच्या कड्यांशेजारी खिळ्याला मोगरी टांगलेली होती, तीच, चोवीस वर्षं त्याच खिळ्याला. तिनं ती काढली. ती कशी धरायची हे तिला शिकवावं लागलं नाही. पिंपांच्या ओळीमागे बसून तिनं ते एकदा नीट पाहिलं होतं.

तोफेनं तिला येताना पाहिलं. हात काढून घ्यायला वेळ होता. तिनं काढला नाही, किंवा तिला खरं वाटलं नाही, कुणास ठाऊक.

मोगरी खाली आली. हाड मोडल्याचा आवाज लहान असतो, पिंपाचा आवाज मोठा. रिकामं पिंप होतं ते, दुमदुमलं. भिंगरीनं दुसऱ्यांदा मारली, आणि तिसऱ्यांदा. पहिली चिऊच्या कानासाठी होती. बाकीच्या दोन कशासाठी होत्या, ते तिला तेव्हाही माहीत होतं आणि मला सांगायची गरज नाही. तोफ किंचाळली नाही. ती पिंपाला धरून खाली बसली. उजव्या हाताची बोटं वेड्यावाकड्या दिशांना गेली होती, आणि झाकणावरून रक्त कडेकडेनं खाली ओघळत होतं.

आवाज ऐकून मालक धावत उतरला. "काय झालं? अरे, काय झालं?"

भिंगरीनं तोंड उघडलं. पण तोफच आधी बोलली.

"पिंप निसटलं," ती म्हणाली.

मालकानं पिंपाकडे पाहिलं. ते जागेवर होतं. त्यानं भिंगरीच्या हातातल्या मोगरीकडे पाहिलं, आणि मग नजर दुसरीकडे वळवून गाडी काढायला वर पळाला. तोफेनं डाव्या हातानं कमरेची किल्ली सोडली आणि फरशीवर ठेवली, लेकीच्या दिशेनं नाही, नुसतीच ठेवली. मग वर बघून म्हणाली, "मोगरी जागेवर लाव."

भिंगरीनं मोगरी खिळ्याला लावली. किल्ली उचलली नाही. पायऱ्या चढून ती वर आली, एप्रन दाराशी टाकला आणि उन्हातून घरी गेली.

घरी येऊन तिनं हात धुतले. ओठ धुतला. साबणाचा फेस कोपरापर्यंत चढवून पुन्हा हात धुतले. तेवढ्यात चिऊ शाळेतून आली, दप्तर फेकलं आणि नेहमीसारखी धावत येऊन आईच्या कमरेला मिठी मारली. भिंगरी खाली बसली. तिनं पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. लाल झालेला कान आता पिवळसर पडला होता.

"आजीकडे नाही जायचं आता," ती म्हणाली. "कधीच नाही. तुला कुणी हात लावणार नाही. कळलं?"

चिऊनं मान हलवली. पण ती आईकडे बघत नव्हती. तिच्या नाकपुड्या हलत होत्या. तिनं गालावरचे ते दोन्ही हात धरून नाकाशी नेले, एक, मग दुसरा, आणि फडकं नसतानाही डोळे मिटून घेतले.

"आई," ती म्हणाली, "तुझ्या हातांना आजीचा वास येतोय."

भिंगरी उठली. तिनं हात पुन्हा धुतले, घासणीनं, राखेनं, कातडी लाल होईपर्यंत, आणि पुसून पोरीसमोर धरले.

चिऊनं नीट हुंगून पाहिलं. चुकलं तर टोला बसेल, ही भीती तिला अजून होती. म्हणून ती खरं तेच बोलली.

"अजून येतोय," ती म्हणाली.